टायकोंडेरोगा : दोन जीर्णोद्धारांचे गाव

प्रवासास निघालेला मनुष्य सामान्यतः दोन गोष्टी पाहावयास जातो. एक, निसर्गाने निर्मिलेले. दुसरे, पूर्वजांनी बांधलेले. भविष्यकाळ पाहण्यासाठी कोणी तिकीट काढल्याचे सहसा ऐकिवात नाही. परंतु अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस, कॅनडाच्या वाटेवर, टायकोंडेरोगा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एकाच दिवसात अठराव्या शतकातील किल्ला आणि तेविसाव्या शतकातील अंतराळनौका अशी दोन्ही दर्शने घडतात. किल्ला टेकडीवर आहे आणि अंतराळनौका बाजारपेठेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयतां अल्बनी येथे भाच्याकडे गेलो असता हे गाव पाहण्याचा योग आला. बृहन्महाराष्ट्रातील अनेक घरांची मुले आता त्या देशी आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाचकांची संख्याही मोठी आहे. म्हणून हा वृत्तान्त.

अल्बनीहून टायकोंडेरोगा सुमारे शंभर मैल. आम्ही राजमार्ग सोडून लेक जॉर्ज या सरोवराच्या काठाकाठाने जाणारा रस्ता धरला. डावीकडे ॲडिरोंडॅकचे डोंगर, उजवीकडे बत्तीस मैल लांबीचे, अरुंद, निळेशार पाणी. मे महिना असल्याने झाडांना नुकती कोवळी पालवी फुटली होती. आमच्या माळव्यात त्या वेळी जमिनीला भेगा पडलेल्या असतात. तिकडे मात्र वसंत नुकता डोळे उघडत होता. सरोवराच्या उत्तर टोकाशी एक नदी निघते, तिचे नाव ला शूट. हिची लांबी जेमतेम साडेतीन मैल. पण तेवढ्या अंतरात ती दोनशेहून अधिक फूट खाली उतरते आणि शँप्लेन या दुसऱ्या, त्याहून विशाल सरोवरास मिळते. त्या दोन जलाशयांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर हे गाव वसले आहे. टायकोंडेरोगा हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या, इरोक्वाय लोकांच्या भाषेतील असून त्याचा आशय ‘दोन पाण्यांच्या मधले ठिकाण’ असा आहे.

उतरणाऱ्या पाण्यावर गिरण्या चालतात, हा जगाचा नियम. येथे लाकूड कापण्याच्या गिरण्या झाल्या, कागदाच्या झाल्या. आसपासच्या डोंगरांत ग्रॅफाइट सापडले, म्हणून पेन्सिलीही झाल्या. पिवळ्या रंगाची, टोकाशी हिरवा पट्टा असलेली ‘टायकोंडेरोगा’ पेन्सिल अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी चावली आहे. तिचे नाव याच गावावरून पडले. ज्या गावाने जगाला कागद आणि पेन्सिल दिली, त्या गावात शाळामास्तरास परके कसे वाटावे?

प्रथम किल्ला. फ्रेंचांनी १७५५ साली तो बांधावयास घेतला तेव्हा त्याचे नाव कॅरियॉं होते. एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाणारा प्रत्येक जण या टेकडीखालून जाणार, म्हणून टेकडी ज्याची त्याचा मार्ग. १७५८ च्या जुलैत सुमारे सोळा हजार ब्रिटिश आणि वसाहतींचे सैनिक त्यावर चालून आले. आत माँकाम या फ्रेंच सेनापतीजवळ चार हजारांहूनही कमी माणसे होती. तरी त्याने तो हल्ला परतवला. पुढच्याच वर्षी किल्ला ब्रिटिशांकडे गेला. १७७५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी ईथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नोल्ड यांनी पहाटेच्या अंधारात तो जवळजवळ विनासायास घेतला. त्याच हिवाळ्यात हेन्री नॉक्स याने येथल्या तोफा बर्फावरून घसरगाड्यांनी ओढत बॉस्टनपर्यंत नेल्या. त्या तोफांच्या धाकाने ब्रिटिशांना ते शहर सोडावे लागले.

इतका पराक्रम पाहिलेल्या वास्तूचे पुढे काय झाले? जे आपल्याकडील शेकडो गढ्यांचे झाले, तेच. युद्ध संपल्यावर पहारा उठला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी घरे बांधण्यासाठी किल्ल्याचे घडीव दगड वाहून नेले. उरल्या पडक्या भिंती आणि त्यांत चरणारी गुरे. १८२० साली पेल नावाच्या एका व्यापाऱ्याने ती जागा विकत घेतली आणि त्याच्या वंशातील स्टीफन पेल व त्याची पत्नी सारा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या नकाशांवरून किल्ला पुन्हा उभारण्यास घेतले. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत तो लोकांस खुला झाला. म्हणजे आज आपण ज्या तटावरून सरोवर न्याहाळतो, त्याचा मोठा भाग फ्रेंचांच्या हातचा नाही. तटावर उभे असताना ही गोष्ट आम्ही सौ.ना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काय झाले? काशीचे देऊळ तरी कुठे पहिले आहे? आपल्या अहिल्याबाईंनीच ना बांधले?” इंदूरकराजवळ या युक्तिवादास उत्तर नसते.

दुपारी गावात उतरलो. मुख्य रस्त्याचे नाव त्याच फ्रेंच सेनापतीवरून पडले आहे. न्हावी, औषधांचे दुकान, बँक, अशा ओळीत एक बैठी, साधी इमारत लागते. पूर्वी तेथे किरकोळ विक्रीचे एक दुकान होते. आज तिच्या आत ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील एंटरप्राइझ नौकेचा अंतर्भाग संपूर्ण उभारलेला आहे.

येथे ज्या वाचकांना या मालिकेचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. जीन रॉडनबेरी यांनी कल्पिलेली ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि एकोणऐंशी भाग होऊन जून १९६९ मध्ये बंद पडली. पाहणाऱ्यांची संख्या पुरेशी नाही, असे वाहिनीचे म्हणणे होते. दुसऱ्या वर्षीच ती बंद होऊ घातली असता प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला आणखी एक वर्ष मिळवून दिले. बंद पडल्यावर मात्र पुनःप्रक्षेपणांतून ती जगभर पसरली. १९७९ पासून चित्रपट निघाले, १९८७ पासून नव्या मालिका निघाल्या, आणि मूळ रोपाचा आज वटवृक्ष झाला आहे. पहिल्याच चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी केशवपन करून एका परग्रहवासी स्त्रीची भूमिका केली होती, हेही अनेकांना आठवत असेल.

१९८० च्या दशकात दूरदर्शनने ही मूळ मालिका रविवारी दाखवली. त्या वेळी आम्ही शाळेच्या वरच्या वर्गांत होतो. रामबागेतील आमच्या वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच, तोही कृष्णधवल. आणि त्यापुढे पोह्यांच्या बशा घेऊन बसलेली अठरा-वीस माणसे. संवाद इंग्रजी, आमची शाळा मराठी. त्यामुळे अर्ध्याहून अधिक कथा आम्ही तर्काने लावीत असू. या मालिकेत लाल सदरा घालून ग्रहावर उतरणारा शिपाई बहुधा परत येत नाही, ही गोष्ट साऱ्या जगात विनोदाचा विषय झाली आहे. आमच्या संचावर लाल, निळे, पिवळे सारेच सदरे राखाडी. त्यामुळे कोण मरणार हे आम्हांस शेवटपर्यंत कळत नसे. रंगीत संचवाल्यांना जे भय कधी लाभले नाही, ते आम्हांस दर रविवारी फुकट मिळाले.

पुढे शिक्षण, नोकरी, बदल्या. झाबुआ आणि खरगोन जिल्ह्यांतील ज्या शाळांवर आमची उमेद गेली, तेथे वीजच पाहुण्यासारखी येई. मालिकेच्या नव्या शाखा निघाल्या, त्यांच्या उपशाखा निघाल्या. आमचा त्या जगाशी संबंध तुटला तो तुटलाच. खान नावाचा एक खलपुरुष उत्तर भारतातून आलेला, बहुधा शीख, असे एका भागात सांगितले आहे. ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉंताल्बान यांनी केली होती. हा खान पाव पृथ्वीवर राज्य करून १९९६ साली पदच्युत होतो आणि अंतराळात पळून जातो, अशी कथा आहे. प्रत्यक्षात १९९६ साली आम्ही खरगोन जिल्ह्यात आठवीची हजेरी घेत होतो. भविष्यकाळ असा आमच्या नकळत येऊन मागे पडला.

चाळीस वर्षांनी त्या नौकेवर परत जाण्याचे कारण म्हणजे भाच्याचा मुलगा. वय वर्षे बारा. जन्म तिकडचा. मराठी कळते, पण बोलावयाचे म्हटले की शब्द घशात अडकतात. आम्ही काही विचारले की तो इंग्रजीत उत्तर देई, आणि आपल्या आजी-आजोबांना ते नीट उमगले नाही हे पाहून ओशाळून खोलीत निघून जाई. त्याचा दोष नव्हता, आमचाही नव्हता. पण इतक्या दुरून येऊन एका घरात दोन आठवडे राहावे आणि नातवाशी बोलणे मात्र ‘जेवलास का’ याच्या पुढे जाऊ नये, हे सौ.ना लागून राहिले होते. एके संध्याकाळी त्याच्या पडद्यावर आम्हांस ओळखीचा आकार दिसला : एक मोठी तबकडी, खाली एक नळा, वर दोन शेपट्या. आम्ही म्हणालो, “ही एंटरप्राइझ.” मुलाने वळून पाहिले ते असे की, जणू आजोबांच्या तोंडून वेद बाहेर पडला.

तो पाहत होता ती २०२२ साली सुरू झालेली नवी मालिका. त्याने जुनी कधी पाहिली नव्हती, आम्ही नवी. मग रोज रात्री एक भाग त्याचा, एक आमचा, असा करार झाला.

इतक्या वर्षांनी पुन्हा पाहताना जुने काही टिकले आणि काही टिकले नाही. खडक कागदाच्या लगद्याचे वाटतात, राक्षस रबरी कपड्यांतले माणूस वाटतात. नौकेवरील स्त्रियांचे आखूड झगे पाहून सौ.नी मान फिरवली. शेवटच्या भागात तर, स्त्रियांना नौकेचे कप्तानपद मिळत नाही, असे एक पात्र कडवटपणे म्हणते. त्यावर, १९९५ च्या मालिकेत कप्तान स्त्रीच आहे, ही माहिती नातवाने तत्परतेने पुरवली. पण जे टिकले आहे ते भक्कम आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना नौकेच्या सुकाणूवर एक रशियन तरुण बसविला होता. त्याच्या शेजारी जॉर्ज टाकेई, ज्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धात, केवळ जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकेतीलच छावण्यांत गेले होते. संदेशवहनाच्या जागी निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडणार होत्या, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी, तुमचे त्या जागी दिसणे महत्त्वाचे आहे, असे सांगून त्यांचे मन वळविले.

१९६९ मधील एक भाग आमच्या विशेष स्मरणात होता. एका ग्रहावरील दोन माणसे नौकेवर येतात. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी; आणि एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. शेवटी ते आपल्या ग्रहावर पोहोचतात तेव्हा तेथे कोणीच उरलेले नसते. तरी दोघे एकमेकांचा पाठलाग सोडीत नाहीत. या एका भागासाठी कृष्णधवल संच पुरेसा होता. आज तो पाहताना उपदेश अंमळ उघडा वाटतो खरा. पण प्रांत, भाषा, जात यांवरून पेटलेल्या वस्त्या आम्ही गेल्या चाळीस वर्षांत पाहिल्या आहेत. उपदेश जुना झाला, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आणि स्पॉक! वडील व्हल्कन ग्रहाचे, आई पृथ्वीची. व्हल्कन लोकांत तो माणूस ठरतो आणि माणसांत व्हल्कन. लहानपणी आम्हांस त्याचे टोकदार कान तेवढे दिसले. आता दिसले ते निराळेच. पुण्यास गेलो की नातेवाईक आमच्या मराठीतील हिंदी खडे वेचतात. इंदुरात शेजारी आमच्या हिंदीतील मराठी वळण हेरतात. पिढ्या गेल्या तरी हा दुहेरी हिशेब मिटलेला नाही. आमच्या नातवापुढे तर तिसरेही घर आहे. स्पॉकची कथा त्यास समजावून द्यावी लागली नाही.

असे पूर्वपाठ करून आम्ही त्या दुकानवजा इमारतीत शिरलो. १९६९ नंतर हॉलिवुडमधील मूळ नेपथ्य मोडून टाकण्यात आले. ते पुन्हा उभारण्याचा ध्यास याच गावच्या जेम्स कॉली यांनी घेतला. व्यवसायाने हे गृहस्थ एल्व्हिस प्रेस्ले या गायकाची नक्कल रंगमंचावर करणारे. मूळ मालिकेचे वेशभूषाकार विल्यम थीस यांच्याकडून त्यांना नेपथ्याच्या नकाशांची प्रत मिळाली. प्रथम हौशी मंडळींना घेऊन त्यांनी स्वतःच नवे भाग चित्रित केले; पुढे मालिकेच्या मालकांकडून रीतसर परवाना मिळाल्यावर २०१६ साली हे दालन लोकांस खुले झाले. कप्तान कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर स्वतः येथे अनेकदा येऊन त्या खुर्चीत बसून गेले आहेत.

पाहणाऱ्यांचा लहानसा गट करून मार्गदर्शक आत नेतो. पहिली ती वळणदार मार्गिका. वळण अशासाठी की, थोड्या जागेत लांबीचा भास व्हावा आणि टोक दिसू नये. भिंती मुळात करड्या; रंग सारा दिव्यांवर लावलेल्या रंगीत कागदांचा. जो रंग आमच्या वाड्यात कधी पोहोचलाच नाही, तो आम्ही चाळीस वर्षांनी अंगावर पडलेला पाहिला : जांभळा, शेंदरी, मोरपंखी. मग ते चबुतऱ्याचे दालन, जेथे उभे राहिले की माणूस येथून विरघळून ग्रहावर प्रकट होतो. दर भागात नौका जमिनीवर उतरवून दाखविण्याइतका पैसा नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली. आणि ती चमचम म्हणजे प्रकाशझोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी. रुग्णालयात डॉक्टरांची काही उपकरणे मांडलेली आहेत. त्यांतली मूळची मीठदाण्या होत्या. एका भागासाठी चित्रविचित्र मीठदाण्या आणल्या, पण त्या मीठदाण्या म्हणून ओळखूच येईनात. तेव्हा त्यांना वैद्यकशास्त्रात बढती मिळाली. आपोआप सरकणारी दारे तर पडद्यामागून माणसे ओढीत आणि आवाज मागाहून जोडला जाई.

मार्गदर्शकाचे इंग्रजी भरधाव होते. सौ.ना ते कळेना. त्यांनी नातवाचा हात धरला आणि प्रत्येक दाराशी विचारावयास आरंभ केला, “हे काय रे? आणि ते?” त्यास उत्तर देणे भाग पडले. शब्द सापडेना तेव्हा त्याने हातवारे केले, नवीन शब्द जुळवले. चबुतऱ्याविषयी तो म्हणाला, “आजी, माणूस इकडे पुसते, मग तिकडे लिहिते.” दारांविषयी म्हणाला, “ही दार खोटी आहे, मागे माणूस ओढते.” आमच्यातील मास्तर लिंगवचन दुरुस्त करण्यासाठी जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला होता, सौ.नी एका दृष्टिक्षेपाने त्यास परत पाठविले. शेवटी नौकेच्या सुकाणूकक्षात पोहोचेपर्यंत मुलगा तासभर मराठी बोलत होता. मराठी मोडकी होती, पण वाहती होती. पुसणे आणि लिहिणे यांहून त्या यंत्राचे चांगले वर्णन, इतकी वर्षे भाषा शिकवून, आम्हांसही सुचले नसते.

सुकाणूकक्षात मधोमध कप्तानाची खुर्ची, भोवती लुकलुकणारे दिवे, समोर मोठा पडदा. प्लायवुड, रंग आणि विजेच्या तारा. यात आकाशात उडेल असे काहीच नाही. एक खिळाही मूळचा नाही. तरीही खुर्चीत बसावयास आलेले वयस्क लोक, आपल्याकडे गाभाऱ्यापाशी होते तसे, आवाज खाली आणून बोलत होते. सकाळचा किल्ला आणि दुपारची नौका यांचे नाते तेव्हा आमच्या ध्यानी आले. एक खरोखर होता आणि मोडला. दुसरी कधी नव्हतीच आणि मोडली. दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या, त्या कोणा सरकारच्या हुकमाने नव्हे. कोणीतरी नकाशा जपून ठेवला आणि कोणीतरी त्यावर आपले आयुष्य खर्चिले, म्हणून. जीर्णोद्धारात दगड मूळचा आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम असतो. घंटा वाजते का, हे पाहावयाचे.

आपल्या महाराष्ट्राबाहेरील घरांतील भाषेचेही असेच आहे. पुण्या-सातारची मूळ इमारत आपल्या हाती नाही. आहेत ते नकाशे : आजीच्या म्हणी, गणपतीच्या आरत्या, वाचनालयातील जुने अंक. त्यांवरून प्रत्येक पिढीने आपापल्या गावी, आहे त्या सामग्रीतून ती पुन्हा बांधावयाची. ती कोठे प्लायवुडची होईल, कोठे तिला हिंदी, कानडी वा इंग्रजी रंग चढेल. पण आत मुले शिरली नाहीत, तर ती केवळ संग्रहालय उरेल.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी वेळा आधी पाहून घ्याव्यात; किल्ला हिवाळ्यात बराच काळ बंद असतो. सकाळ किल्ल्यास द्यावी आणि दुपार नौकेस. क्रम उलटा करू नये. बरोबर एखादे मूल असल्यास उत्तम. आणि मार्गदर्शकाचे इंग्रजी कळत असले, तरी आत थोडे न कळल्यासारखे करावे.

आम्ही त्या गावाहून पिवळ्या पेन्सिलींच्या चार पेट्या आणल्या. शाळा उघडल्यावर सहावीच्या वर्गात त्या वाटल्या. एका मुलीने पेन्सिलीवरचे लांबलचक नाव अक्षर अक्षर लावून वाचले आणि अर्थ विचारला. आम्ही सांगितला. तिने तीच पेन्सिल करून वहीच्या मागच्या पानावर तो लिहून घेतला आणि विचारले, “सर, तिथे जायला किती दिवस लागतात?”